चि. सौ. कां. डिस्क ड्राइव्ह हिची पेटी

माझ्या आयुष्यात मी दोन लग्नांत पुढाकार घेतला. एक माझं स्वतःचं, त्यात माझं कुणी ऐकलं नाही. दुसरं एका डिस्क ड्राइव्हचं. त्याला लग्न म्हणायचं की नाही ते शेवटपर्यंत वाचून तुम्हीच ठरवा, पण नवरीची ट्रंक खरी होती, तिच्यावर गुलाबाची फुलं होती, आणि ती ट्रंक आजही पाथरीत आहे. माझ्या सांगण्यातलं निम्मं लोक सोडून देतात हे मला ठाऊक आहे. सोडा. पण हे प्रकरण उरलेल्या निम्म्यातलं आहे.

आमचे अण्णा पाथरीच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. प्रामाणिकपणा माणसाला किती त्रास देऊ शकतो हे पाहायचं असेल तर त्यांच्या पोटी जन्म घ्यायला हवा होता. शाळेतून येताना पँटला लागलेली खडूची पूड ते फाटकापाशी झटकायचे आणि मगच आत यायचे. सरकारी माल घरात नको. तर या माणसाच्या नशिबी सरकारी योजनेतून आलेला कॉम्प्युटर आला. खोकी फोडायची कुणाची छाती होईना, तेव्हा हेडमास्तरांनी सगळं अण्णांच्या ताब्यात दिलं आणि साठ्याच्या रजिस्टरात अण्णांच्याच अक्षरात नोंद झाली : एक कळफलकाचं यंत्र, एक पडदा, आणि खाली, ‘डिस्क ड्राइव्ह, लोखंडी पेटीसह, रंग बदामी, नग एक.’ ही ओळ मला अथर्वशीर्षापेक्षा जास्त पाठ आहे. का, ते आता येईलच.

ते अण्णांच्या नोकरीचं शेवटचं वर्ष. शाळेचं छत असं होतं की वळवाचा शिंतोडा आला तरी विद्यार्थी आधी बाकाखाली आणि मग घरी जायचे. म्हणून सुट्टी लागताच अण्णांनी हेडमास्तरांची लेखी परवानगी काढून सगळी वरात सायकलरिक्षात घालून घरी आणली. जून उघडला की आपल्या जागी येणाऱ्या शिंदे सरांना चार्ज द्यायचा, म्हणजे रजिस्टरातली एकेक वस्तू दाखवून त्यांच्या हवाली करायची, आणि मोकळं व्हायचं. निवृत्तीचा नारळ, शाल, भाषणं यातलं काहीही अण्णांना नको होतं. त्यांना फक्त त्या रजिस्टरात सगळ्या ओळींपुढं ‘मिळाले’ असं लिहून हवं होतं. बाकी माणसं मोक्ष मागतात.

माजघरात, देव्हाऱ्याच्या उजव्या अंगाला, कॉम्प्युटर मांडला गेला. आजच्या पोरांना सांगायला हवं : फ्लॉपी म्हणजे पापडाएवढी काळी चौकोनी तबकडी, कॉम्प्युटरचं सगळं लिहिणं तिच्यावर साठवायचं. ती ड्राइव्हच्या फटीत सरकवली की आतून आधी ‘घर्रर्र’, मग ‘खट खट’, मग एखादा म्हातारा पान थुंकायच्या आधी घसा साफ करतो तसा आवाज यायचा. आमच्या गल्लीतल्या कोंबड्या त्या आवाजानं अंडी द्यायच्या थांबल्या होत्या. अण्णांनी वर्षभर खपून आठवीच्या पोरांसाठी एक प्रश्नमंजूषा बनवली होती. आधी नाव विचारायची, मग प्रश्न. उत्तर चुकलं की पडद्यावर ‘पुन्हा विचार कर’, बरोबर आलं की ‘शाबास’, सगळं इंग्रजी अक्षरांतलं मराठी. अण्णांच्या तोंडून शाबास हा शब्द त्याआधी कुणी ऐकला नव्हता. मी तर नाहीच. मला वाटतं तेवढ्यासाठीच त्यांनी यंत्र शिकून घेतलं असावं. एक शब्द बोलायचा होता, तो दुसऱ्याकडून बोलवून घेतला.

मी तेव्हा दहावीची परीक्षा देऊन रिकामा होतो, आणि आईच्या राज्यात रिकामा माणूस दिसला की त्याला खारोड्या राखायला बसवायचे. आई चुडाव्याची. माहेरी रेल्वे स्टेशन असल्यामुळे ती आम्हा पाथरीकरांना जरा मागासच धरायची. उन्हाळ्यात ती पहाटे उठून बाजरीचं पीठ शिजवायची, तीळ, लसूण, मिरची घालून त्याच्या खारोड्या जुन्या लुगड्यावर घालायची, आणि मग दिवसभर मी हातात वेळूची काठी घेऊन कावळे आणि वानरं हाणायची. बदल्यात सकाळी सुशीला मिळायचा. मुरमुरे भिजवून, शेंगदाणे आणि हिरवी मिरची घालून परतलेला, वर कच्चा कांदा. तसा सुशीला आता मिळत नाही. परभणीच्या स्टँडवर परवा खाल्ला, तर त्यात त्यांनी साखर घातली होती. मी पैसे देऊन उठलो, भांडायचं वय राहिलं नाही.

तर एके दिवशी ड्राइव्हच्या आवाजात एक वेगळीच ‘चुक चुक’ येऊ लागली. अण्णांनी स्क्रू काढून लोखंडी पेटी वेगळी केली, आणि आतून एक पाल निघून देव्हाऱ्यामागं गेली. सोबत जिनिंगमधून उडून आलेला कापूस, अर्धा किलो तरी. अण्णांनी यंत्र रंगाच्या ब्रशनं झाडलं आणि पलंगाखाली धुतलेल्या धोतरात गुंडाळून ठेवलं. पेटी आईनं राखेनं घासली आणि खारोड्यांच्या लुगड्याच्या टोकावर वाळायला ठेवली. म्हणजे पेटीची राखण माझ्याकडे आली. इतिहासात अशा नेमणुका होतात.

दुपारी दोनच्या सुमाराला गारीगारवाला यायचा. लाकडी पेटीत लाल, हिरव्या, पिवळ्या बर्फाच्या कांड्या, आणि हँडलला घंटी. नगद नसली तरी अडत नसे, मोडकं लोखंड द्या आणि गारीगार घ्या, हा त्याचा धर्म. पाथरीतली एकही बादली त्या काळात कडीसकट उरली नव्हती. त्या दिवशी ऊन असं होतं की खारोड्या वाळायच्या ऐवजी तळून निघत होत्या. घंटी वाजली. गेली चाळीसेक वर्षं मी लोकांना सांगत आलोय की मला ती पेटी ओळखू आली नाही, मला वाटलं जुन्या बॅटरीचं टरफल. आता वयाला शोभेल असं सांगतो : ओळखली होती. मला इतकंच वाटलं होतं की यंत्र तर पलंगाखाली आहे, टरफलाला कोण विचारतं?

“वजनाला बरी हाय,” गारीगारवाला पेटी हातात तोलून म्हणाला. “घरी इचारलं का?”

“घरच्यांनीच टाकायला सांगितलीय.”

“मंग किती देऊ?”

“जीभ बधिर हुईस्तोवर द्या.”

सात खाल्ल्या. सातही लाल.

तासाभरानं अण्णा बाहेर आले आणि लुगड्याचं मोकळं टोक बघून थांबले. माझ्यातला कथेकरी त्या क्षणी जन्माला आला. मी सांगितलं, वानर आलं. साधं नव्हे, हुप्प्या, टोळीचा म्होरक्या. त्यानं खारोडीला हात लावला नाही. पेटी उचलली, आत डोकावून बघितलं, टोपीसारखी डोक्यात घातली आणि मारुतीच्या देवळावरून, तहसीलच्या पत्र्यावरून, सेलूच्या दिशेनं गेलं. मी काठी घेऊन वेशीपर्यंत पळालो. एका झाडावर त्यानं वळून माझ्याकडे बघितलं, तेव्हा फ्लॉपीच्या फटीतून त्याचे दोन डोळे दिसले. हा फटीचा बारकावा मला आजही आवडतो.

अण्णांनी सगळं शांतपणे ऐकलं. मग शिक्षणाधिकाऱ्यांना अर्ज लिहायला बसले. ‘उपरोक्त पेटी वानराने नेल्यामुळे’ एवढं लिहिलं, आणि पेन थांबला.

“कामून थांबलाव?” आईनं विचारलं.

“मी बघितलं न्हाई ते मी लिहीत न्हाई,” अण्णा म्हणाले. अर्जाची चौपदरी घडी केली आणि माझ्याकडं वळले. “दिगंबर, वानरानं नेली ना? मंग राखणदारानं आणून द्यायची. पेटीशिवाय मी चार्ज देणार न्हाई. आन् चार्ज दिल्याबिगर मी रिटायर होणार न्हाई. मरेस्तोवर जाईन शाळेत.”

आणि हा माणूस खरोखर गेला असता. ते त्या रात्री येसराच्या आमटीत अर्धीच भाकरी कुस्करून उठले, तेव्हा मला पहिल्यांदा लाल गारीगार पोटात दुखायला लागली.

आता गारीगारवाल्याकडून पेटी मोंढ्यातल्या भंगारात आणि भंगारातून कुठल्या भट्टीत गेली हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. नवीच करायची ठरली. आईनं यंत्राला वर्तमानपत्र गुंडाळून, ब्लाउज बेततात तसं चारी अंगांनी बेतून दिलं. ते कागद घेऊन मी बाजारात गफूरचाचांकडे गेलो. पाथरी तालुक्यातल्या लग्नांतल्या निम्म्या ट्रंका गफूरचाचांच्या, आईची सुद्धा. कारागीर असा की त्यांच्या ट्रंकेत कोंडलेली उन्हाळ्याची हवा माणसं थंडीत काढून वापरायची.

“इत्ती छोटी ट्रंक? गुड्डी की शादी हय क्या?” चाचांनी विचारलं.

“न्हाई चाचा, मशीन ठेवायचंय. कॉम्प्युटरचं. फार नाजूक हाय. धूळ नको, पाल नको, पण वारा पाहिजे. समोरून फट पाहिजे.”

चाचांनी कागदाचे तुकडे पत्र्यावर मांडले, वितीनं मोजले, मग बोटानं मोजले. “देख दिगू, पेटी का काम हौर क्या हय? अंदर का माल सलामत, बाहर का हात बाहर. हो जाता.” मी पैशाचं विचारलं तर कातर उगारली. “तेरे वालिदने मेरे दोनों पोरोंकू दसवी निकाल्या. पैसे कैकू? तू बैठ इदर, रिबिट ठोक.”

आठ दिवस मी पत्र्याच्या सांध्यांत रिबिटी ठोकल्या. डाव्या अंगठ्याचं नख त्यात गेलं, ते आजही वाकडंच उगवतं. तो अंगठा मी नातवंडांना लढाईत जखमी झालेला म्हणून दाखवतो. पण त्या टपरीतले आवाज मला अजून हवेसे वाटतात. पत्रा कापतानाचा ‘चर्रर्र’, हातोडीची ‘टण टण’, आणि मधेच स्टँडवरून ‘मानवत, परभणी, परभणी’ ओरडणारे जीपवाले. चाचांनी दोन्ही बाजूंना वाऱ्यासाठी भोकं पाडली, तीसुद्धा सरळ न पाडता फुलाच्या आकारात. समोरच्या फटीवर धूळ जाऊ नये म्हणून पत्र्याची झडप बसवली. झडपेला कडी लावायची तर मशीनला शोभेना, म्हणून चाचांनी आपल्या ठेवणीतला माल काढला : मोडक्या रेडिओच्या भोंग्यातलं लोहचुंबक. झडपेच्या मागं, फटीच्या अगदी वर. झडप सोडली की ‘टक्’ करून आपोआप बसायची.

“ऐसा फिट पूरे मराठवाड्यामें नै मिलनेका,” चाचा म्हणाले, आणि मला ते शंभर टक्के पटलं.

मग रंग. ट्रंकेचा निळा तयारच होता. बदामी आणायचं माझ्या मनात होतं, पण मी उठायच्या आत चाचांनी निळा हात मारला, दोन गुलाब काढले, पोपट काढला आणि ब्रश थांबवून विचारलं, “नाम क्या लिखूं?”

“कुणाचं?”

“मशीन का.”

“डिस्क ड्राइव्ह,” मी म्हणालो. चाचांच्या हाताला गेली कित्येक वर्षं ट्रंकेवर एकच सुरुवात ठाऊक. त्यांनी जिभेचं टोक दातांत धरून वळणदार अक्षरात लिहिलं : ‘चि. सौ. कां. डिस्क ड्राइव्ह’.

पेटी घरी आली तेव्हा आईनं सवयीनं तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. अण्णांनी गुलाबांकडं बघितलं, पोपटाकडं बघितलं, नाव वाचलं. यंत्र आत बसवलं, चार स्क्रू आवळले. बोटभरसुद्धा फरक नव्हता. मग प्रश्नमंजूषेची फ्लॉपी काढली, झडप उचलून आत सरकवली. घर्रर्र, खट, घर्रर्र, आणि पडद्यावर चूक. पुन्हा केलं, पुन्हा चूक. अण्णांनी तिची दुसरी प्रत काढून घातली. तीही तशीच. तिसरी एकच फ्लॉपी उरली होती, कंपनीची, कोऱ्या फ्लॉप्या तयार करायची सोय असलेली. ती त्यांनी हातात घेतली आणि परत पाकिटात घातली.

“दोन गेल्या. आता न्हाई,” ते म्हणाले. “मशीनच बिघडलं. इतके दिवस उघडं पडलं ना.”

चूक कुणाची हे ते बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. वही काढून कच्चं लिहिलं, ‘नादुरुस्त. जबाबदारी माझी.’ खाली सही केली. इतक्या वर्षांच्या नोकरीत ज्यानं खडूची पूड घरात आणली नाही, त्याच्या नावापुढं शेवटची ओळ ती पडणार होती. मी ओसरीवर जाऊन बसलो. खारोड्यांवर कावळे आले होते. मी हाणले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई माजघरात गोधडीला दोरा भरत होती. तिनं दोरा ओवलेली सुई गोधडीवर ठेवली, पाणी प्यायला उठली, आणि परत येते तर सुई नाही.

“कुणी हलू नका,” ती म्हणाली. “पायात जाईल.”

अण्णा आणि मी दोघं गुडघ्यावर. फरशी चाचपली, गोधडी झटकली, पलंग सरकवला. आणि मग आईच म्हणाली, “अगं बाई, ही इथं कामून चिकटली?”

सुई झडपेवर होती. पोपटाच्या चोचीखाली, दोऱ्यासकट, आडवी. गोधडीचा कोपरा पेटीला टेकलेला होता.

अण्णा उठले. सुई काढली, बोटभर दूर धरली आणि सोडली. ‘टिक्’. पुन्हा काढली, पुन्हा सोडली. ‘टिक्’. तिसऱ्यांदा केलं, आणि मग आमचे अण्णा, ज्यांचं हसू आम्ही फक्त लग्नाच्या फोटोत आणि तेही अर्धंच बघितलं होतं, जमिनीवर बसून हसायला लागले. चष्मा काढला, डोळे पुसले, परत हसले. शेजारच्या काकू काय झालं म्हणून लाटणं घेऊन धावत आल्या.

“तीस वर्षं,” अण्णा हसता हसता म्हणाले, “तीस वर्षं मी पाथरी तालुक्यातल्या पोरांना लोहकीस पसरून दाखवायलोय. चुंबकाजवळ काय न्यावं, काय न्हेऊ न्हाई. फ्लॉपीवरलं सगळं लिहिणं चुंबकाचंच असतंय. आन् माझ्याच घरात तिच्या दारावर लोहचुंबक! मशीन ठणठणीत हाय. आपणच दारात पुसून मंग आत धाडलाव.”

पेचकसानं त्यांनी ते चुंबक उचकटलं आणि अंगणात भिरकावलं. झडपेला आईनं ब्लाउजचा हुक आणि दोऱ्याचा फास करून दिला, पितळी, चिकटायची भीती नाही. सगळं आनंदात चाललेलं, आणि अण्णांनी हुक लावता लावता सहज विचारलं, “दिगंबर, जुन्या पेटीत काय खायला व्हतं का रे?”

“न्हाई.”

“मंग खारोड्या सोडून वानरानं तीच कामून न्हेली?”

मी तोंड उघडलं. सेलूची दिशा, मारुतीचं देऊळ, सगळं तयार होतं. पण आई दोरा तोडत खाली बघूनच म्हणाली, “त्या दिशी त्या वानराची जीभ लय लाल व्हती.”

मग मी सगळं सांगितलं. सात कांड्यांसकट. मार बसेल या हिशोबानं शर्टही काढून ठेवला. अण्णा बराच वेळ पेटीवरून हात फिरवत राहिले, रिबिटींवरून, एकेक. माझ्या काळ्यानिळ्या अंगठ्याकडंही त्यांनी बघितलं. मला वाटलं आता काहीतरी उपाय सुचवावा, म्हणून म्हणालो, “अण्णा, बदामी रंग आणतो. वरून मारला की कुणाच्या बापाला कळणार न्हाई.”

“ज्याच्या बापाला कळायचं त्याला कळलंय,” अण्णा म्हणाले. “शर्ट घाल. वही आण.”

त्यांनी अख्खी प्रश्नमंजूषा वहीत हातानं लिहून ठेवली होती, मास्तरच तो. कंपनीच्या फ्लॉपीवरून दोन्ही फ्लॉप्या नव्यानं तयार केल्या, मग ते वाचत गेले आणि मी बडवत गेलो. दोन दिवस. ‘शाबास’ हा शब्द मला त्या दोन दिवसांत त्यांच्या तोंडून बावन्न वेळा ऐकायला मिळाला, ‘एस, एच, ए, बी’ असा अक्षराअक्षरानं का होईना.

जूनमध्ये चार्ज द्यायच्या दिवशी पेटी उचलायला मी सोबत गेलो. शिंदे सर, वयानं तरुण, मिशी बारीक, रजिस्टर वाचत खुणा करत होते. आमच्या ओळीवर आले. “डिस्क ड्राइव्ह, लोखंडी पेटीसह, रंग बदा...” मग त्यांनी टेबलावर बघितलं. गुलाब, पोपट, नाव. ते इतके हसले की शिपायानं पाणी आणलं. हसून झाल्यावर मशीन चालवून बघितलं. घर्रर्र, खट, ‘तुमचे नाव काय?’

“सर, चालायलंय ना मस्त, मी मिळालं म्हणून लिहितो,” शिंदे सर म्हणाले. “रंगाचं कोण बघतंय!”

“थांबा,” अण्णांनी रजिस्टर आपल्याकडं ओढलं.

“कशाला लिहायलाव सर? मी काही म्हणत न्हाई.”

“तुमी म्हणत न्हाईत, म्हणूनच.” आणि शेऱ्याच्या रकान्यात, जागा अपुरी म्हणून बारीक अक्षरात, त्यांनी काहीतरी लिहिलं, सही केली, टीपकागद दाबला. मला वाचता आलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही. घरी येताना फाटकापाशी त्यांनी सवयीनं पँट झटकली. त्या दिवशी तिच्यावर पूड नव्हती.

अण्णा जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. मागच्या उन्हाळ्यात पाथरीला गेलो होतो, शाळेत डोकावलो. ड्राइव्ह, पडदा, कळफलक, सगळं केव्हाच मोडीत निघालेलं. पण ऑफिसच्या कपाटावर निळी पेटी बसलेली. पोपटाची चोच उडालेली, आत शिक्के आणि किल्ल्या, झडपेला तोच पितळी हुक. हेडमास्तरीणबाई नव्या होत्या. मी माझी ओळख सांगितली आणि पेटी मागितली. हवी ती किंमत देतो म्हणालो.

“द्यायला काही हरकत नव्हती काका,” त्या म्हणाल्या, “पण रजिस्टरला आहे. नग एक.” आणि खात्री पटवायला त्यांनी ते जुनं रजिस्टर खाली काढलं, धूळ झटकली, ओळ शोधली आणि शेरा मोठ्यानं वाचला : “मूळ पेटी माझे चिरंजीवाने गारीगारीपायी मोडीत घातली. बदली पेटी त्यानेच स्वतः राबून करून आणली. पाहिली. योग्य आहे.”

बाई हसायला लागल्या. “गारीगारीपायी! कोण होता हो हा?”

“होता एक,” मी म्हणालो. “शेवटचं वाक्य परत वाचा जरा.”

“पाहिली. योग्य आहे.”

“हां.”

पेटी मागायचं मी सोडून दिलं. बाहेर फाटकाशी एक माणूस गारीगार विकत होता, आता मोटारसायकलवर. खिशात पैसे होते. तरी हात खिशात जायच्या आधी माझी नजर रस्त्याच्या कडेला, काही लोखंड पडलंय का ते शोधून आली. लालच घेतली.